रजेतला ऑक्टोबर

ऑक्टोबर आला की इथे जर्मनीत, एश्बॉर्नमधले आमचे शेजारी सायकली पुसतात, साखळीला तेल घालतात आणि केलरमध्ये, म्हणजे तळघरात, भिंतीला टांगून ठेवतात. मी माझी तेव्हा बाहेर काढते. तळमजल्यावरच्या आजीबाई मला दरवर्षी न चुकता सांगतात की आता सीझन संपला. मी 'हो, हो' म्हणते आणि निघते. लोकांचा सीझन संपतो तिथे माझा सुरू होतो, आणि तो काही हौसेचा सीझन नाही. सहा वर्षांपूर्वी याच दिवसांत माझे वडील पुण्यात हॉस्पिटलमध्ये पडून होते आणि मी दक्षिण स्पेनमध्ये ऑलिव्हच्या झाडांमधून सायकल चालवत होते. मी त्यांना सांगितलं होतं की रजा मिळत नाही. त्यांनी मला सांगितलं नव्हतं की बरं नाही. दोन्ही बाजूंनी एकमेकांची काळजी घेतली होती, आणि त्या काळजीपायी शेवटची भेट राहिली ती राहिलीच. निदान माझं खोटं अण्णांना कधी कळलं नाही, एवढ्या एका समाधानावर मी सहा ऑक्टोबर काढले.

सायकल घेऊन मी गाडीने फोगेल्सबेर्गच्या पायथ्याशी जाते. तिथे एक जुनी रेल्वे लाइन होती. रूळ उचलले, डांबर ओतलं, आणि आता तिच्यावरून लोक सायकली चालवतात. ऑक्टोबरात त्या वाटेवर माणूस नसतो. दोन्ही बाजूंना सफरचंदं पडून कुजत असतात, त्यांचा आंबूस वास येतो, ओल्या पानांवरून चाक सरकतं. मधेच झुडपांत एक प्लॅटफॉर्म उगवतो. पुढे एक स्टेशन, त्याच्या खिडक्यांना जाळीचे पडदे, तिकीटखिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. कुणाचं तरी घर आहे ते. मी दरवेळी तिथे थांबते आणि दरवेळी वाटतं, अण्णांना फोटो पाठवावा.

अण्णा बार्शीकडच्या छोट्या गाडीच्या लाइनीवर स्टेशनमास्तर होते. मी आणि दादा तिथल्या क्वार्टरमध्ये वाढलो. रेल्वेचा चढ डोळ्याला दिसत नाही, तो इंजिनाला कळतो, असं ते म्हणायचे. सपाट वाटतं, वाटतं, आणि अचानक लक्षात येतं की आपण धापा टाकतोय आणि गाव खूप खाली राहिलंय. फोगेल्सबेर्गच्या वाटेवर पहिल्यांदा गेले होते तेव्हा मी त्यांना तिथूनच फोन केला होता. इथे रूळ उचलून सायकलींचा रस्ता करतात, असं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "आणि स्टेशनं?" मी म्हटलं, कुठे लोक राहतात, कुठे कॉफी मिळते. "म्हणजे पाडली नाहीत," ते म्हणाले, आणि खूश झाले. त्यांच्या स्वतःच्या स्टेशनाची दारं-खिडक्या ब्रॉडगेज आल्यावर कुणीतरी काढून नेल्या होत्या, आत बाभळी उगवल्या होत्या. त्यानंतर मी कधीही सायकलवर गेले की ते स्टेशनांची चौकशी करायचे. अख्ख्या खानदानात या विषयात रस असलेला एकच माणूस होता, आणि सहलीची बातमी मी नेमकी त्याच्यापासून लपवली. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते याला.

खोटं ऑगस्टमध्ये बोलले होते. माझा नवरा प्रसाद त्याआधी महिनाभर एकच पालुपद लावून होता. दरवर्षी हेर्ब्स्टफेरिएन, म्हणजे रेवाच्या शाळेची शरदातली सुट्टी, लागली की आम्ही पुण्याला. उतरल्यावर याच्याकडे चहा, तिच्याकडे जेवण, काकूंकडे गेलो नाही तर राग, चॉकलेटं वाटा, पोट बिघडवून घ्या, परत या. "आपण रजेवर जातच नाही, हजेरी लावायला जातो," तो म्हणायचा. त्याचं चुकत नव्हतं. मला स्वतःलाही एकदा कुठेतरी जायचं होतं जिथे मला कुणी ओळखत नाही. तेव्हा खरं सांगून टाकायचं होतं, की अण्णा, यंदा आम्ही तिघंच फिरायला जातोय, दिवाळीला नाही येत. एवढं एकच वाक्य. पण ते वाक्य अण्णांकडून दादाकडे, दादाकडून वहिनीकडे आणि तिथून काकूंकडे गेलं असतं, आणि 'बाप म्हातारा झाला आणि हिला स्पेन सुचतंय' असं लोक म्हणाले असते. म्हणाले असते, असं मीच धरून चालले. दादा तसं कधीच बोललेला नाही. त्याच्या तोंडी ते मी घातलं.

म्हणून मी म्हटलं, "रजाच मिळत नाहीये, अण्णा."

जर्मनीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. इथे वर्षाला तीस दिवस उर्लाउब, म्हणजे हक्काची रजा असते, आणि ती घेतली नाही तर बॉस मागे लागतो. माझ्या बॉसबाईने त्या सप्टेंबरात मला दोनदा मेल केली होती की तुझे दिवस शिल्लक आहेत, कधी घेतेस? पण पुण्यात हे कुणाला पटलं असतं? तिथे रजा ही साहेबाच्या मर्जीतून गळणारी वस्तू. म्हणूनच हे कारण आमच्यात सगळ्यात जास्त चालतं. ओळखीतल्या प्रत्येक मराठी घराने कधी ना कधी ते वापरलंय. कुणी तपासत नाही, कुणी दुखावत नाही. अण्णा तर लगेच म्हणाले, "रिलीव्हर नसेल मिळत. होतं असं." त्यांचे वडील वारले तेव्हा त्यांच्या जागी काम बघायला रिलीव्हर मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गाड्यांना झेंडी दाखवत उभे होते, आणि गावी पोचले तेव्हा राख गार झाली होती. हे त्यांनी मला आयुष्यात एकदाच सांगितलं होतं. त्या माणसाला मी रजा नाही म्हणून सांगितलं.

स्पेनमधली ती वाटसुद्धा जुन्या रेल्वेचीच. तिच्यावरून पूर्वी ऑलिव्हचं तेल जायचं. लोखंडी उंच पूल, डोंगरातले बोगदे, आणि दोन्ही हातांना, समोर, मागे, क्षितिजापर्यंत ऑलिव्हची झाडं. एकसारखी, ओळीत, लाल-पांढऱ्या मातीत टाके घातल्यासारखी. पहिला दिवस डोळे निवतात, दुसऱ्या दिवशी हेच हेच बघून जीव विटतो, तिसऱ्या दिवशी त्यातले फरक दिसू लागतात. वारा आला की पानं उलटी होतात आणि अख्खी टेकडी क्षणभर राखाडी पडते. लवकरची तोडणी कुठे कुठे सुरू झाली होती. झाडाखाली जाळी अंथरायची, लांब काठ्यांनी फांद्या झोडपायच्या, आणि मोठं झाड असेल तर यंत्राने बुंधा पकडून गदागदा हलवायचा. गारांसारखी फळं पडतात. पायवाटेपर्यंत आवाज येतो.

आणि आम्ही काय केलं, तर ऑलिव्ह तोडून खाल्लं. झाडावर हिरवं गोल फळ दिसलं की मराठी माणसाचा हात शिवशिवतोच. प्रसादच्या पिशवीत तिखट-मीठ कालवलेली डबी होती, प्रवासात काकडीवर घालायला म्हणून. आवळ्याला लावतात तसं लावून आम्ही तिघांनी एकदम चावा घेतला. कारलं बरं म्हणायची वेळ आली. तो कडूपणा जिभेवर राहत नाही, तो हिरड्यांत, टाळूत, घशात जाऊन बसतो. रेवा थुंकत होती, प्रसाद हसत होता, जाळी उचलणारा एक म्हातारा आमच्याकडे बघून मान हलवत होता. नंतर कळलं की ही फळं खाण्याजोगी व्हायला कितीतरी दिवस पाण्यात ठेवतात, पाणी बदलत राहतात, तेव्हा कुठे कडूपणा उतरतो. संध्याकाळपर्यंत तोंड कडू होतं, आणि मी सुखात होते. आता ते कबूल करायला मला त्रास होतो, पण लपवण्यात अर्थ नाही. मी फार सुखात होते.

रेवा तेव्हा तेरा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. लहानपणी शनिवारच्या मराठी वर्गाला घातलं होतं, पण तिथे जेमतेम क, ख, ग झालं आणि पोहण्याचा क्लास त्याच वेळी आला. मीच म्हटलं होतं, कळतंय ना तिला, वाचून काय करायचंय? अण्णांना जर्मन यायचं नाही, रेवाला मराठी बोलायची लाज वाटायची. तरी दोघांचं गूळपीठ होतं, कारण दोघं फोनवर एकमेकांना आगगाड्यांचे फोटो पाठवायची. तिने इथल्या लोकलचा, एस-बानचा, पाठवला की ते पुण्याहून मालगाडीचा पाठवायचे. फोटोला फोटो, असा नियम होता. खाली ते देवनागरीत दोन ओळी लिहायचे, तो मास्तरकीचा स्वभाव. 'आजोबांचे आशीर्वाद' वगैरे असणार असं आम्ही सगळेच धरून होतो. रेवा त्यावर एक लाल हृदय ठेवून द्यायची.

तिला मी विमानातच बजावलं होतं की आजोबांना सांगायचं नाही. "वारुम?" तिने विचारलं. म्हटलं, त्यांना उगाच वाईट वाटेल. तिला ते पटलं नव्हतं, पण तिने मान डोलावली.

बुधवारी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी घरून, त्याच वेळी, मी अण्णांना फोन करायचे. त्यांची तेव्हा चहाची वेळ. सहलीतही ते चुकवून चालणार नव्हतं, नाहीतर शंका आली असती. त्या बुधवारी आम्ही एक लांबलचक चढ चढत होतो, तोच रेल्वेचा, न दिसणारा. वर एक पडीक स्टेशन होतं. सायकल भिंतीला टेकवली, प्रसाद-रेवाला गप्प बसायची खूण केली आणि फोन लावला. श्वास अजून आवरत नव्हता.

"एवढी धाप कशाने लागलीय?" अण्णांनी विचारलं.

"जिना चढून आले. लिफ्ट बंद आहे ऑफिसची."

पलीकडून त्यांचाही श्वास मला ऐकू येत होता. "आमचीही बंद आहे," ते म्हणाले, आणि हसले. मग म्हणाले, "सावकाश चढ. घाई करू नकोस. वर पोचल्यावर पाणी पी."

मी बरं म्हटलं. त्यांच्या आवाजात काही वेगळं होतं का, हे मी नंतर हजार वेळा आठवून पाहिलंय. त्या वेळी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं, आता रविवारपर्यंत चिंता नाही.

रविवार आलाच नाही. शुक्रवारी आम्ही एका लांब बोगद्यातून गेलो. आत रेंज नव्हती. बाहेर उन्हात आल्यावर माझा फोन पिशवीत थरथरायला लागला आणि थांबेचना. दादाचे सहा मिस्ड कॉल. दादाने फार शब्द वापरले नाहीत. अण्णा सकाळी गेले. आठ दिवस अ‍ॅडमिट होते, हृदयाचं दुखणं. "तुला रजा नव्हती, म्हणून कळवलं नाही," तो म्हणाला. "अण्णाच म्हणाले, नका सांगू, उगाच जीव टांगणीला लागेल तिचा."

समोर दोन माणसं जाळी ओढत होती, फळं गोळा करत होती. मी त्यांच्याकडे बघत दादाला सांगितलं, "निघते मी लगेच. बघते रजेचं." अगदी असंच म्हणाले. बाप गेल्याचं कळल्यानंतरच्या पहिल्या वाक्यातही मी ते खोटं सांभाळलं.

आणि खोट्याने मला सांभाळलं नाही. आमचे पासपोर्ट आता जर्मन. युरोपात फिरायला ओळखपत्र पुरतं, म्हणून पासपोर्ट आणि भारतात शिरायचं कार्ड दोन्ही एश्बॉर्नच्या ड्रॉवरमध्ये. आधी भाड्याच्या सायकलींसकट एका गाडीवाल्याची मनधरणी, मग विमानतळ, मग फ्रांकफुर्ट, मग घर, मग पुन्हा विमानतळ. पुण्याला पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. बापाच्या बाबतीत अण्णांना जेवढा उशीर झाला होता, त्याहून मी जास्त केला. त्यांच्याजवळ निदान खरं कारण होतं.

घर माणसांनी भरलं होतं. प्रत्येक जण पाठीवरून हात फिरवून म्हणत होता, रजा नसताना आली हो पोर. काकू तर सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या, तिकडे नोकऱ्या फार कडक असतात. ऑक्टोबरच्या जर्मनीतून आलेली मी उन्हाने करपलेली होते. सायकलच्या हातमोज्यांमुळे माझी बोटं काळी आणि पंजे गोरे पडले होते. वहिनीने चहा देताना ते पाहिलं. माझ्या हातांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कप ठेवून आत गेली. तिने आजपर्यंत एक शब्द विचारला नाही. मी ते सगळे दिवस पदराखाली हात घेऊन बसले.

आमच्या लोकांची ही एक जुनी खोड आहे. परदेशातल्या माणसाला दुखणं कळवायचं नाही, आणि परदेशातल्या माणसाने आपलं सुख कळवायचं नाही. दोघांनी रविवारी फोनवर बसून जेवण झालं का विचारायचं. याला आपण प्रेम म्हणतो. असेलही. पण मला आता कुणी 'तुला त्रास नको म्हणून' असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक बाई मला असंच काहीतरी कौतुकाने सांगत होत्या, की आईचं ऑपरेशन झालं तरी भावाने पत्ता लागू दिला नाही, किती समजूतदार. मी तिथून उठून प्लेटा विसळायला गेले. प्रसादवरही मी उगाच डाफरले, सहा वर्षं डाफरतेय. सहल त्याची कल्पना होती, खोटं माझं होतं, हे मला माहीत आहे. पण स्वतःवर किती वेळ डाफरणार? तो आता सायकलला हात लावत नाही. ऑलिव्ह ऑइल संपलं की न बोलता सूर्यफुलाचं आणून ठेवतो.

या ऑक्टोबरात रेवा घरी आली. गार्चिंगच्या युनिव्हर्सिटीत शिकते आता, एकोणीस वर्षांची आहे. नवा फोन घेतलाय तिने, जुन्यातले फोटो त्यात भरत सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. मी सायकलचे बूट घालत होते. "मामा, शाउ माल," म्हणजे आई, हे बघ, असं ती म्हणाली आणि मला जवळ बसवलं. अण्णांबरोबरचे सगळे निरोप होते ते. गाडीखाली गाडी, हृदयाखाली हृदय. ती बोटाने वर सरकवत होती, मी हसत होते. आणि मग एक स्टेशन आलं. स्पेनचं, पडदे-बिडदे नसलेलं, समोर तीन सायकली उभ्या, आणि कोपऱ्यात हेल्मेट घालून संत्रं सोलत बसलेली मी.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले. "आल्झो, मी सांगितलं नव्हतं," ती जर्मनमध्ये म्हणाली. "फक्त फोटो पाठवला. स्टेशन होतं ना."

त्याच्या खाली अण्णांचा फोटो होता. फोटोला फोटो. खिडकीचे गज, कडेला सलाईनच्या स्टँडची एक दांडी, आणि लांब खाली निळ्या डब्यांची गाडी. तिच्याखाली देवनागरीत चार ओळी. तारीख मंगळवारची. म्हणजे लिफ्ट बंद असल्याचं मी त्यांना सांगितलं, त्याच्या आदल्या दिवसाची.

'तुमचं स्टेशन छान आहे. मी दवाखान्यात आहे, इथल्या खिडकीतून गाडी दिसते. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. तिची रजा मोडेल.'

खाली रेवाचं लाल हृदय. तेरा वर्षांच्या पोरीने, न वाचता आलेली आज्ञा तंतोतंत पाळली होती. तिने त्या दिवशी फोन नुसता माझ्यापुढे धरला असता तर मी बुधवारी निघाले असते आणि गुरुवारी, फार तर शुक्रवारी पहाटे, त्यांच्याजवळ असते. फोन माझ्या सायकलच्या मागच्या पिशवीत होता, तिचा आणि माझा, एकाच कप्प्यात. आणि अण्णांनी सगळं माहीत असून मला सावकाश चढ म्हणून सांगितलं होतं.

"काय लिहिलंय?" रेवाने विचारलं. हे तिने मराठीत विचारलं, आजोबांचं म्हणून असेल. तिचा नवा फोन कुठलीही लिपी चुटकीसरशी वाचून दाखवतो. तिने फोनला विचारलं नाही, मला विचारलं.

"गाडी छान आहे म्हणतात," मी म्हटलं. "खिडकीतून दिसते म्हणतात."

"एवढंच?"

"गेनाऊ," मी म्हटलं आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. "एवढंच."